घट्ट पाणी

अरुंधतीला एका जागी बसणं आता जमतच नव्हतं. पेपर हातात घेतला तरी कान आतल्या खोलीकडे लागलेले असायचे. कृष्णकांत खोकले की ती उठायची आणि बराच वेळ खोकले नाहीत तरी उठायची. मधेच जाऊन पंखा कमी करायची, परत येऊन वाढवायची. बंगळूरहून मुलगा अपूर्व रोज फोन करायचा, पण त्याच्याशी बोलतानाही ती खोल्यांमधून फेऱ्या मारत असायची. "आई, बस ना जरा," असं तो म्हणायचा, आणि बसलेय, बसलेय, असं म्हणत ती गॅलरीत पोचलेली असायची.

होळीच्या आधी तिच्या नवऱ्याला, कृष्णकांतना, अर्धांगाचा झटका आला होता. पनवेलमध्येच वेळेवर दवाखाना मिळाला आणि जीव वाचला. उजवा हात मात्र लुळा पडला, बोलणं जड झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पोळी भाजीत कुस्करून दिली तर ते सावकाश खात. पण साधं पाणी प्यायले की ठसका लागे आणि चेहरा निळसर पडे.

"काकू, सगळ्यात धोकादायक पाणीच," मितालीने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मिताली ही खारघरहून येणारी स्पीच थेरपिस्ट. गिळण्याचे व्यायामही तीच करून घ्यायची. "आपण गिळतो तेव्हा श्वासनळीवर एक झडप बसते. सरांची झडप थोडी उशिरा बसतेय. पाणी पातळ, ते थांबत नाही. झडप बसायच्या आत घसरून फुप्फुसात जातं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, झडपेला वेळ मिळतो. म्हणून यापुढे पाणी, चहा, ताक, सगळं घट्ट करून."

तिने एक पांढऱ्या पावडरचा डबा दिला. ती पाण्यात ढवळली की पाणी मधासारखं होई.

मितालीला हे सगळं समजावून सांगावं लागलं ते अरुंधतीला. पलंगावरचे कृष्णकांत डोळे मिटून ऐकत होते. त्यांची अख्खी नोकरी डिप्लोमाच्या मुलांना द्रवयांत्रिकी शिकवण्यात गेली होती. द्रव वाहतो कसा, कशाने अडतो, पाणी आणि मध एकाच उतारावरून वेगवेगळे का पळतात, हे मुलांना सांगताना ते स्वयंपाकघरातल्या बाटल्या कॉलेजात घेऊन जात. अरुंधतीला खोबरेल तेलाची बाटली सापडली नाही की ती समजायची, आज पहिल्या वर्षाचा तास आहे. तिला त्या विषयात कधी रस वाटला नव्हता. ती आयुर्विमा कचेरीत होती, तिची डोकेदुखी वेगळी होती.

घट्टपणा बरोबर आहे की नाही, हे बघायची रीत मितालीने दाखवली. सुई नसलेली सिरिंज घ्यायची, खालचं तोंड बोटाने बंद करून तिच्यात पेय भरायचं, बोट काढायचं आणि दहापर्यंत मोजायचं. पाणी असेल तर सिरिंज रिकामी होते. हवं तितकं घट्ट असेल तर बरंचसं आत उरतं.

ते बघून कृष्णकांतनी डोळे उघडले. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. मग डाव्या हाताने त्यांनी ताकाच्या भांड्याकडे बोट केलं. ताकाची सिरिंज झाली. मग कढी. मग काकवी आणा, तेल आणा. मोजणी ते बोटांनी करत.

दिवसभराच्या मदतीला मालू येई. ती खाडीपलीकडच्या गावातली, अरुंधतीच्याच वयाची. तीही या खेळात ओढली गेली. पावडर घातलेलं पाणी ढवळताना सैल होतं आणि चमचा थांबला की पुन्हा जड होऊन उभं राहतं, हे कृष्णकांतना तिला सांगायचं होतं.

"हलव… सैल," ते म्हणाले. "सोड… घट्ट."

"म्हंजे आमच्या खाडीतल्या चिखलावानी," मालू म्हणाली. "पाय हलवला का आत जातो. उभं रायलं का धरून ठेवतो."

कृष्णकांतनी आनंदाने पलंगावर थाप मारली. असा विद्यार्थी त्यांना किती दिवसांनी मिळाला होता.

पण एप्रिल सरला आणि उकाडा असह्य झाला, तसा हा खेळ संपला. घट्ट पाण्याने तहान भागत नाही. जीभ ओली होते, घशाला काही लागत नाही. कृष्णकांत फ्रिज उघडल्याचा आवाज आला की मान वळवत. खाली सोसायटीच्या टाकीत टँकरचं पाणी पडत असलं की त्या आवाजाकडे बघत राहत. अरुंधती त्यांच्यासमोर पाणी प्यायचीच बंद झाली. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, चोरून प्यायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

"वैनी, मी एकटी असली का माझ्याकडं हात जोडतात," मालूने एकदा सांगितलं. "पानी दे म्हनतात. मना बघवत नाय."

"काहीही झालं तरी द्यायचं नाही, मालूताई. एक घोटसुद्धा नाही."

"नाय देत. पन सांगितलेलं बरं."

अशात पावडर संपली. पनवेलमधल्या एकाही केमिस्टकडे ती नव्हती. मागवून देतो, येईल दोन-चार दिवसांत, असं सगळे म्हणाले. मिताली लग्नासाठी गावाला गेली होती आणि तिला तिकडे फोन करून त्रास द्यायला अरुंधतीला बरं वाटेना. शेजारच्या रमावहिनी म्हणाल्या, "अगं, कॉर्नफ्लोअर लाव ना. सूपला लावतो तसं. घट्टपणाशी मतलब."

ते पटण्यासारखं होतं. अरुंधतीने मक्याचं ते पांढरं पीठ पाण्यात शिजवलं, निवू दिलं, सिरिंजमध्ये भरलं. बोट काढलं, मोजलं. पेय आत जवळजवळ तसंच राहिलं. पावडरीपेक्षाही घट्ट! कितीतरी दिवसांनी तिला जरा हायसं वाटलं.

पण कृष्णकांतना ते पेय आवडेना. एक पेला संपवायला त्यांना बराच वेळ लागे. चमचा तोंडात, मग पेल्यात, मग थांबणं, मग पुन्हा तोंडात. पहिले काही चमचे ठीक जात. पेला अर्धा झाला की ते ओठ घट्ट मिटून घेत आणि चमचा हाताने बाजूला सारत.

"उस्…" ते म्हणत. "उस्… त."

"काय हवंय? ऊस? उसाचा रस?"

ते मान जोरजोरात हलवत. झटक्यानंतर त्यांचं हो आणि नाही सारखंच दिसे. अरुंधती तळाला उरलेलं तसंच त्यांना पाजायची. औषध त्यातच असायचं.

"उस्त!" दुसऱ्या दिवशी ते ओरडलेच.

दर उन्हाळ्यात संध्याकाळी दोघं स्टँडजवळच्या रसवंतीत जात. आलं-लिंबू घातलेला रस पिऊन तळ्याच्या काठाने घरी येत. एवढं तोंड उघडून माणूस मागतोय तर द्यायला काय हरकत आहे? घट्ट करूनच तर द्यायचाय. भर दुपारी ती जाऊन रस घेऊन आली. पिठाची दाट पेज केली आणि निवल्यावर तिच्यात रस मिसळला. पुन्हा सिरिंज, पुन्हा मोजणी. बरोबर होतं.

"हे घ्या. तुमचा उसाचा रस."

पहिले चमचे त्यांनी घेतले. डोळे मिटून घेतले. अरुंधतीला वाटलं, जिंकलं. मधेच अपूर्वचा फोन आला म्हणून ती बोलता बोलता भरवत राहिली. पेला तळाला आला तसे ते मान फिरवू लागले. तिने पेलाच त्यांच्या ओठाला लावून तिरपा केला, संपवा आता, म्हणून. त्यांना ठसका लागला आणि डाव्या हाताचा असा फटकारा बसला की पेला उडाला. रस चादरीवर, भिंतीवर, तिच्या साडीवर.

"उस्त!" ते खोकत खोकत म्हणाले. "उस्त, उस्त!"

"तोच तर दिला ना!" अरुंधती किंचाळली. "आता मी काय करू तुमचं? सांगा, काय करू?"

ते तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता की भीती, ते तिला कळेना. मालू दारात येऊन उभी राहिली होती. "तुमी जा जरा भायेर, वैनी," ती म्हणाली. "मी बघते."

अरुंधती खरंच गेली. पायात चपला सरकवल्या आणि वडाळे तळ्याला फेऱ्या मारत सुटली. लोक सावली धरून बसले होते, ही मात्र उन्हातून चालत होती. कुठे थांबावं असं वाटेना आणि घरीही जावंसं वाटेना. शेवटी घरी आली तेव्हा कृष्णकांत झोपले होते. चादर बदललेली होती. त्यांच्या सदऱ्याची छाती ओली होती आणि ओट्यावर एक ओला पेला उपडा घातलेला होता. तिने तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला. दुपारपर्यंत श्वास घरघरू लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मान हलवली. "काहीतरी पातळ फुप्फुसात गेलंय. पाणी दिलं होतं का कुणी?"

ओट्यावरचा ओला पेला अरुंधतीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग दुसरं काही दिसेचना.

मालू संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांशी भेटली. हातात डबा होता, अरुंधतीसाठी तांदळाची भाकरी आणून उभी होती. अरुंधतीने डब्याकडे पाहिलंही नाही.

"तू त्यांना पाणी दिलंस."

"मी? मी नाय दिलं."

"सदरा ओला होता. पेला धुतलेला होता. त्यांनी हात जोडले असतील, तुला दया आली असेल. पण बघ आता काय झालं ते."

"सदऱ्यावर रस सांडलेला, तो पुसला मी वल्या फडक्यानं," मालू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आनि त्या पेल्यानं मी पानी प्यायली. तुमच्या घरात मी पानी प्यायचं नाय का?"

"उद्यापासून येऊ नकोस."

मालू डबा पायरीवर ठेवून निघून गेली. अरुंधतीने तो डबा तिथेच राहू दिला. थोड्या वेळाने ती पुन्हा खाली आली तेव्हा तो तिथे नव्हता.

सलाइन, ऑक्सिजन, इंजेक्शनं यांत दिवस गेले. दवाखान्यातली खुर्ची अरुंधतीला लाभली नाही. ती कॉरिडॉरमध्ये चालत राहायची. परिचारिका म्हणाली, "काकू, तुमचंही बीपी बघू का?" तर नको म्हणाली. कृष्णकांत शुद्धीवर आले, बसू लागले. पण ते दाराकडे बघत राहायचे, आणि कुणाची वाट बघताहेत हे तिला विचारावंसं वाटत नव्हतं.

घरी आणल्यावर मिताली आली. पावडरचा नवा डबा एव्हाना आला होता. मितालीने छाती तपासली, आवाज ऐकला, मग सहज विचारलं, "काकू, पावडर नव्हती तेव्हा काय दिलंत?"

"कॉर्नफ्लोअर. पण घट्ट होतं हं. मी प्रत्येक वेळी सिरिंज लावून बघितलं. चमचा उभा राहत होता त्यात."

"मग घट्टच असणार," मिताली म्हणाली, पण तिच्या कपाळाला आठी पडली होती.

एवढ्यात कृष्णकांतनी पलंगावर हात आपटला. स्वयंपाकघराकडे बोट केलं. पुन्हा आपटला.

"कॉर्न," ते म्हणाले. "कर."

"आता? कशाला?"

"कर!"

अरुंधतीने पेज केली. निवू दिली. कृष्णकांतनी खुणेने दोन वाट्या मागितल्या. पेज दोन्हींत सारखी ओतायला लावली. मितालीला जवळ बोलावलं. मग त्यांनी डाव्या हाताने चमचा घेतला, नुसताच तोंडात घातला, जिभेवर घोळवला आणि एका वाटीत बुडवून ढवळला. पुन्हा तोंडात, पुन्हा वाटीत. त्यांनी ते पेय प्यायलं नाही, फक्त चमचा ओला केला. दुसरी वाटी त्यांनी हाताने झाकून ठेवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि मागे टेकून बसले.

थांबायचं होतं. अरुंधतीला थांबणं कठीण गेलं. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मितालीला काहीतरी उमगू लागलं असावं, कारण ती वाटीवर वाकून बघत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. मितालीने झाकलेल्या वाटीतली पेज सिरिंजमध्ये भरली. बोट काढलं. दहापर्यंत मोजलं. जवळपास सगळी आतच. मग दुसऱ्या वाटीतली भरली. बोट काढलं मात्र, धार लागली. अरुंधतीचं मोजणं अर्ध्यावर येईपर्यंत सिरिंज रिकामी झाली होती.

कृष्णकांत तिच्याकडे बघत होते. ओठ दोनदा जुळवून पाहिले आणि तिसऱ्यांदा शब्द पुरा आला.

"उष्टं."

अरुंधती पलंगाच्या कडेला बसली.

लहानपणी आई ओरडायची ते तिला आठवलं. उष्टा चमचा खिरीत घालू नकोस, पातळ होते. तिला वाटायचं, हे आईचं सोवळं. तिने स्वतःच्या घरात ते कधी पाळलं नव्हतं.

"लाळेमुळे," मिताली हळूच म्हणाली. "लाळ पिठाला फोडते, काकू. तोंडातला चमचा सारखा पेल्यात गेला की वरचं घट्ट राहतं आणि तळाला येईतो सगळं पाणी झालेलं असतं. या पावडरीत पीठ नाही, डिंकासारखं काहीतरी असतं. त्याला लाळ काही करत नाही. मला फोन करायला हवा होतात… नाही, मीच सांगून ठेवायला हवं होतं."

"तुम्ही ते सांगत होतात," अरुंधती कृष्णकांतना म्हणाली. "आणि मी उसाचा रस… शेवटचं तर मी पेलाच तोंडाला लावला."

त्यांनी हाताने, जाऊ दे, असं केलं. मग तो हात तसाच दाराकडे वळला.

"मालू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमावहिनींना घरात बसवून अरुंधती रिक्षाने मालूच्या गावी गेली. तिला वाटलं होतं, कौलारू लहानसं घर असेल. समोर दुमजली बंगला होता, जिन्याला चकचकीत स्टीलचे कठडे, खाली गाडी. जमिनी विमानतळाकडे गेल्या तेव्हा गावातली बरीच घरं अशीच नव्याने उभी राहिली होती. दार मालूच्या सुनेने, मनस्वीने उघडलं. मालू मागच्या अंगणात सुकत घातलेला बारीक कोळंबीचा जवळा सारखा करत होती. सून हाक मारून आली तरी ती लगेच उठली नाही.

अरुंधती अंगणात जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं, मालूताई. तू पाणी दिलं नव्हतंस. माझ्याच हातून गेलं ते." मग तिने चमचा, पीठ, लाळ, सगळं सांगितलं. सांगताना ती हातांनी वाट्या दाखवत होती, सिरिंज दाखवत होती.

मालूने सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं कळलं ते," ती म्हणाली. "सर कसे हायेत?"

"बरे आहेत. तुझी आठवण काढतात. येशील ना?"

मालूने सुपातला जवळा पाखडला. "चुकलं तं चुकलं. पन तुमी मना विचारलं नाय वैनी. तुमी सांगितलं, तू दिलंस म्हनून." ती थांबली. "हितं सून हाय, पोरगा हाय. मना घरी बसवत नाय, हातापायांना काम लागतं, म्हनून मी येत व्हती. आता कामाला येनार नाय. सरांना भेटाया येईन."

मनस्वीने चहा आणला. तिघी उन्हात उभ्याने चहा प्यायल्या.

मालू आली ती जूनच्या सुरुवातीला, मिताली असताना. पाहुण्यासारखी पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसली, मग हाक ऐकून आत आली. व्यायामांनी गिळणं सुधारलं होतं, म्हणून मितालीने त्या दिवशी थोडं साधं पाणी देऊन बघायचं ठरवलं होतं. कृष्णकांतचे दात आणि जीभ तिने स्वच्छ पुसून घेतली, त्यांना ताठ बसवलं, हनुवटी छातीशी टेकवायला लावली. मग लहान चमच्यात पाणी.

"एकच. जिभेवर धरा. आता गिळा."

गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. अरुंधतीने पलंगाचा कठडा धरला होता. मितालीने स्टेथोस्कोप घशाला लावून ऐकलं. "आ म्हणा."

"आ…"

आवाज कोरडा, स्वच्छ आला, पाण्याची घरघर नव्हती.

"अजून," कृष्णकांत म्हणाले.

"आणखी एक. मग बस."

दुसराही चमचा नीट गेला. कृष्णकांत चमच्याकडे बघत राहिले. "अजून!"

"आज नाही, सर. जेवणाआधी, तोंड स्वच्छ करून, मी असताना. बाकी वेळी पावडरच."

त्यांनी रागाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "गुरुजींना शिक्षा झाली," मालू म्हणाली आणि हसली. मग तिने पलंगाजवळ बसून गावाकडचं काय काय सांगितलं. रस्ता कुठपर्यंत आला, खाडीत नवा भराव पडतोय, पाणी आता भलतीकडून शिरतंय. ते हळूहळू वळले. "कुठून?" असं त्यांनी विचारलं, आणि मालू चादरीवर बोटाने बांध, भरतीचं पाणी अडवणारी उघाडी आणि ओहोळ काढून दाखवू लागली.

निघताना ती दारात चपला शोधत होती. आतून कृष्णकांतचा आवाज आला, "सोम…वारी ये."

"सोमवारी नाय जमायचं, सर. नातीची शाळा सुरू व्हते."

"मग?" अरुंधतीने विचारलं. "बुधवारी?"

मालूने एक चप्पल पायात घातली, दुसरी पायाने ओढली.

"बघते," ती म्हणाली.